तवनाप्पा चौगुले, नॅचरलिस्ट

आमचे धाकटे दीर तवनाप्पा भाऊजी यांनी एकदा बेळगाव स्टेशनच्या तिकिटाच्या खिडकीत डोकं घालून विचारलं होतं, "खानापूर. माणसं तीन आणि बेडूक एक. बेडकाला किती?"

आतल्या बाबूला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. त्यानं चष्मा कपाळावर चढवला. भाऊजींनी हातातला पितळी लोटा वर करून दाखवला. लोट्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. बाबू म्हणाला, "मास्तर, कुत्र्याला तिकीट हाय. बेडकाचं आमच्या पुस्तकात काय लिवलेलं न्हाय."

"न्हाय म्हंजे फुकट, का न्हाय म्हंजे न्यायचाच न्हाय? नीट सांगा. मागनं गाडीत कुणी हटकायला नको."

मागं रांग खोळंबलेली. लोक ओरडायला लागले. माझे यजमान, म्हणजे भाऊजींचे सख्खे थोरले भाऊ, लांब नळापाशी जाऊन उभे राहिले, जणू ह्या माणसाला त्यांनी जन्मात बघितलेलं नाही. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. पण खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या दिराचा इतका अभिमान वाटत होता की बाबूनं बेडकाला फर्स्ट क्लासात बसवा म्हणून सांगितलं असतं, तरी मी हूं की चूं केलं नसतं.

ते का, हे सांगायचं तर आधी भाऊजी सांगायला पाहिजेत. आणि भाऊजी सांगायचे तर आधी पाटी सांगायला पाहिजे.

बोरगावात आमच्या दारावर पाटी आहे. काळ्यावर पांढरी अक्षरं, वर इंग्रजी, खाली मराठी: 'तवनाप्पा चौगुले, नॅचरलिस्ट'. निपाणीत डॉक्टराच्या दाराला पाटी असते, चिकोडीत वकिलाच्या. आमच्या बोरगावात पाटीचं घर तेवढं एकच. भाऊजी गावच्या मराठी शाळेत मास्तर. लिहायचंच होतं तर 'शिक्षक' लिहावं, चार लोकांना कळलं तरी असतं. तसं मी म्हणालेही होते. तर म्हणाले, "वैनी, शिक्षक ही माझी नोकरी हाय. नॅचरलिस्ट हा मी हाय."

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा भाऊजी बेळगावला इंग्रजी शाळेत शिकायला होते. लोकांची पोरं सुटीला घरी येताना बेळगावचे मांडे आणतात. ह्यांनी हा शब्द आणला. ट्रंक ओसरीवर टाकली आणि सरळ चुलीपाशी येऊन मला म्हणाले, "वैनी, न्याचर म्हंजे काय, ठावं हाय?"

मी म्हटलं, "भाऊजी, आधी पाय धुवा."

पाय धुऊन आले आणि पाटावर बसून सांगायला लागले. रोमन म्हणून कुणी जुने लोक होते. त्यांच्या भाषेत नातुरा म्हणजे जन्म. त्यांचं ते नातुरा आणि आपलं 'जन्म', 'जात' हे सगळं एकाच घराण्यातलं, असं शाळेतल्या जाड्या कोशात बघून आलेले. "तवा नॅचरलिस्ट म्हंजे कोण? जल्माला आलेल्याची विचारपूस करणारा!"

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "मग ह्या घरात नॅचरलिस्ट मीच. जल्माला आलेल्या समद्यांची विचारपूस दिवसभर कोण करतंय?"

भाऊजी हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "बरोबर हाय." त्यांनी मला बरोबर ठरवल्याची ती बहुधा पहिली आणि शेवटचीच वेळ.

कारण त्यांच्या तोंडचा खरा शब्द म्हणजे 'चूक!' पोरांच्या पाट्या तपासून तपासून तो जिभेवर बसला आणि मग घरादाराला लागला. बैल मान डोलवतो म्हटलं, की चूक, गोमाशी हाकलतोय. चतुरानं पाण्यावर शेपटी आपटली म्हटलं, की चूक, अंडी घालतीय. सांबऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. बायका हळदीला बसून गाणं म्हणत होत्या, आंब्यावर कोकिळा गाते असं काहीतरी. पुरुषमाणसं पलीकडच्या सोप्यात. तिथून मधेच गर्जना झाली, "चूक! गातोय त्यो नर! मादी गात न्हाय!"

गाणं थांबलं. नवरीच्या गालाला लावायची हळद माझ्या हातातच राहिली. नवऱ्याकडच्या एक थोराड आक्का होत्या, त्या म्हणाल्या, "कुणाचा गं हा कोकिळ?" मी काय सांगणार? म्हटलं, "आमच्याकडचाच." आजही सांबऱ्यात गेले की बायका मला विचारतात, "कोकिळमास्तर बरे हायत न्हवं?"

आता दुसरी गोष्ट, जिच्याशिवाय भाऊजी कळायचे नाहीत. आम्ही जैन. आमच्यात पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतात. गाळल्यावर फडक्यावर जे बारीक जीव राहतात ते असेतसे झटकत नाहीत. ज्या आडाचं पाणी, त्याच आडात ते फडकं हलकेच पालथं करून धुतात. ह्याला आम्ही जिवाणी सोडणं म्हणतो. ह्या आडाचा जीव त्या आडात टाकायचा नाही, त्याला ते पाणी मानवत नाही. घरोघरी बायका हे करतात आणि विसरून जातात. भाऊजींनी ते डोक्यात घेतलं. 'जिथलं तिथं' हा त्यांचा मंत्रच झाला.

निपाणीहून गुळाची ढेप आणली. तिला मुंग्या लागलेल्या. भाऊजींनी त्या कागदावर गोळा केल्या आणि बाजाराच्या दिवशी गुळवाल्यापुढं पुडी ठेवली. "काय ओ हे मास्तर?" "तुमच्या मुंग्या." तो गुळवाला नंतर आमच्या ह्यांना एकटं गाठून विचारत होता, की घरात सगळं ठीक आहे ना.

त्याहून बहार चिकोडीच्या पाव्हण्यांची. ते मुक्कामाला आले, त्यांच्या वळकटीतून ढेकूण आले. पाव्हणे गेले, ढेकूण राहिले. सासूबाई गादीवर रॉकेल ओतायला निघाल्या तर भाऊजी आडवे पडले. काड्यापेटीत सगळे वेचून घेतले आणि चालत चिकोडी गाठली. पाव्हण्यांनी आधी चहा विचारला. मग येण्याचं कारण विचारलं. त्यानंतर ते पाव्हणे आमच्या घरी कधी आले नाहीत. सासूबाईंना मात्र ते लई पसंत पडलं. त्यांना ते पाव्हणे नकोच होते.

पाटी लागली आणि गावाला प्रश्न पडला, की हे नॅचरलिस्ट म्हणजे आहे तरी काय. पहिले आले बस्तीतले उपाध्ये, आमच्या देवळाचे पुजारी. ते तापलेलेच आले. निपाणीच्या कुणा शिकलेल्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की विलायतेत पूर्वी नॅचरलिस्ट म्हणजे देव न मानणारा. सृष्टी आपली आपण चालते, तिला कुणी केली नाही, असं बोलणारा. "तवनाप्पा, श्रावकाच्या दाराला असली पाटी? आत्ताच्या आत्ता उतरव!"

"बसा," भाऊजी म्हणाले. "त्यो बी अर्थ हाय, मी वाचलाय. आता मला सांगा, उपाध्ये, आपल्या शास्त्रात ही सृष्टी कुणी केली?"

"कुणी केली म्हंजे? कुणी न्हाय. अनादि हाय ती."

"मग विलायतेत ज्या बोलण्यासाठी लोकांस्नी शिव्या खायला लागल्या, ते आमच्या बस्तीत पहिल्यापास्नं सांगत्यात. म्हंजे गावातले पहिले नॅचरलिस्ट तुमी. मी तुमच्या मागनं."

उपाध्ये उठून पाटीपाशी गेले. मग हळूच इकडंतिकडं बघितलं आणि छाती फुगवून विचारलं, "इंग्रजीत कसं लिवत्यात ते?" पुढं कितीतरी दिवस बाहेरगावचे लोक दर्शनाला आले की उपाध्ये त्यांना आमच्या दारापर्यंत आणून पाटी दाखवायचे.

पण त्या शब्दानं आम्हाला एकदा चांगलंच गोत्यात आणलं. बेळगावच्या कँपात गोऱ्यांसाठी एक दुकान होतं. मेलेल्या जनावरांच्या कातड्यात पेंढा भरून ती काचेचे डोळे लावून उभी करायचे. भाऊजी शाळेत असताना त्या दुकानावर मोठ्या अक्षरात हाच शब्द बघून धावत आत गेले होते. वाटलं, आपल्या जातीचं कुणीतरी भेटलं. आत एक माणूस बिबट्याच्या पोटात पेंढा कोंबत होता. भाऊजी बाहेर येऊन गटारापाशी ओकले. गोरे लोक पेंढा भरणाऱ्यालाही नॅचरलिस्टच म्हणतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. तेव्हाच ठरवलं म्हणे, की हा शब्द त्याच्या दारावरून आपल्या दारावर आणायचा आणि नीट वागवायचा.

तर एका सकाळी आमच्या दारात बैलगाडी थांबली. गाडीत एक इनामदार फेटा बांधून बसलेले आणि मागं पोत्याखाली बिबट्या. मेलेला! आमची अख्खी गल्ली जैनांची. इथं कांदासुद्धा लपवून आणतात आणि दारात मुडदा बिबट्याचा! सासूबाईंनी एक किंकाळी फोडली आणि आंघोळीला पळाल्या. शेजारच्यांनी दारं लावून घेतली, मग फटीतून बघायला लागले.

"नॅचरलिस्ट तुमीच न्हवं?" इनामदार म्हणाले. "बेळगावपतोर कोण जातंय! चांगला भरा. जबडा उघडा ठेवा."

भाऊजी गाडीत चढले. मला वाटलं, आता ह्यांना भोवळ येते. पण ते बिबट्यापाशी बसले, त्याचा पंजा हातात घेतला, मिशांवरून बोट फिरवलं.  मग विचारलं, "कुठला ह्यो?"

"आमच्या इनामाच्या रानातला. मी सोता मारला."

"मग तिथंच न्या. जिथलं तिथं. रानातली मुंगी तरी खाईल. तुमच्या सोप्यात उभा करून कुणाचं पोट भरणार, इनामदार?"

इनामदार लाल झाले. आजवर त्यांना असं बोलणारा कुणी भेटला नसावा. पण हात जोडून, नरम आवाजात बोलणाऱ्या माणसाला शिव्या तरी कशा घालाव्यात? त्यांनी गाडी वळवली. बिबट्याचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत, एवढं ठाऊक आहे.

हे सगळं ऐकून वाटेल, की हा माणूस जन्मापासून संन्यासी. तसं नाही हो. भाऊजींचं लग्न झालं होतं.

माझी जाऊ राजमती खानापूरची. तिच्या वडिलांचं तांदळाचं दुकान होतं तिथं. गोरी नाही, सावळीच, पण हसायला लागली की थांबायची नाही. चुलीपाशी बसली की लोट्यावर नखानं टिचकी मारायची. टिक्, टिक्. सासूबाई ओरडायच्या, "अगं, लोट्याला पोचा पडंल!" ती म्हणायची, "आमच्या परड्यात एक बेडूक असाच बोलतोय. दिवेलागणीला. असा बेडूक जगात दुसरीकडं न्हाय."

भाऊजी तेव्हा नवेच मास्तर झालेले. लगेच म्हणाले, "चूक! बेडूक डरावडराव करतोय. टिकटिक घड्याळ करतंय."

"येऊन बघा की," ती म्हणाली.

पहिल्या पंचमीला ती माहेरी गेली. त्या वर्षी तापाची साथ होती. सांगावा आला आणि भाऊजी धावले, पण ती जिवंत भेटली नाही. तिकडून परत आले. दुसऱ्या दिवशी मी पाणी गाळत होते तेव्हा जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "वैनी, माझंच चूक. तसा बेडूक हाय."

मी तोंड फिरवून रडले. ते रडले नाहीत. पाटी लागली ती त्यानंतरच्या वर्षी. दुसऱ्या लग्नाचं सासूबाईंनी पुष्कळ काढलं, त्यांनी ऐकलं नाही. दर पावसाळ्यात खानापूरला जायचे. कशाला, विचारलं तर म्हणायचे, "बेडूक बघायला." राजमतीचे वडील वारले होते, आई एकटी होती; तिची कौलं चाळून यायचे, सरपण भरून यायचे. पण सांगताना तेवढंच, बेडूक बघायला.

मग एका पावसाळ्यात साहेब आला. रानखात्यातला म्हातारा गोरा, मराठी पुस्तकातल्यासारखी बोलायचा. त्याची मोटार आमच्या दारासमोरच चिखलात रुतली. बाहेर उतरला, पाटी वाचली आणि टोपी काढून आत आला. दोघं ओसरीवर बसले. किडे, पाखरं, साप, काय काय बोलले देव जाणे; बाहेर माणसांनी मोटार ढकलून काढली तरी साहेबाला त्याचा पत्ता नाही. शेवटी भाऊजींनी खानापूरचा बेडूक सांगितला. साहेब उठूनच उभा राहिला.

"असा बेडूक मी पाहिला नाही, चौगुले. कोणत्याही पुस्तकात वाचला नाही. तो नवा असेल तर त्याला नाव द्यावं लागेल. ते विलायतेच्या ग्रंथात छापलं जाईल. आणि नाव सुचवण्याचा मान शोधणाऱ्याचा."

"कुठलं बी नाव चालतंय?" भाऊजींनी विचारलं.

"कोणतंही. राजाचं, गावाचं, माणसाचं. तुम्ही बेळगावला माझ्या बंगल्यावर बेडूक घेऊन या."

भाऊजींचा चेहरा मी दाराआडून बघितला. राजमती गेल्यापासून तो तसा कधी दिसला नव्हता. एखाद्या पोराला बक्षीस कबूल करावं तसा उजळला होता. नाव काय देणार, मी विचारलं. म्हणाले, "त्या वक्ताला सांगीन."

गावात बोभाटा झाला. बोरगावचा बेडूक विलायतेत जाणार! "चूक! खानापूरचा!" भाऊजी ओरडत होते, पण ऐकतो कोण? उपाध्यांनी नारळ दिला. आमचे हे, ज्यांनी त्या पाटीला आजवर नाकं मुरडली, ते स्वतः तेलाचं फडकं घेऊन पाटी पुसत होते. भाऊजी खानापूरला जाऊन बेडूक घेऊन बेळगावात आले. आम्ही दोघं निपाणीहून सर्व्हिस मोटारनं थेट तिथं. एवढा मान घरात येतोय आणि आपण चुलीपाशी बसायचं? मी ह्यांना सांगून टाकलं, मी येणार म्हणजे येणार.

साहेबाच्या व्हरांड्यात आम्हाला खुर्च्या दिल्या. ह्यांनी टोपी मांडीवर घेतली. भाऊजींनी लोट्याचं फडकं जरा सरकवलं. बोटाच्या पेराएवढा बेडूक, पानाच्या रंगाचा, डोळे सोनेरी. साहेबानं भिंग लावून बघितला. भाऊजींनी काढलेलं चित्रही बघितलं.

"नवा आहे," तो म्हणाला. "बोलत का नाही?"

"परक्या जागी बोलत न्हाय. बोलतोय तो हाच, नर. मादी मुकी असती."

"बरोबर." साहेबानं कपाट उघडलं. आत बाटल्याच बाटल्या. पिवळट पाण्यात सरडे, साप, बेडूक. त्यानं एक रिकामी बाटली काढली, तिच्यात स्पिरिट ओतलं आणि टेबलावर ठेवली.

त्या वासानं मी पदर नाकाला लावला. भाऊजी बाटलीकडं बघत राहिले.

"जित्ता चालणार न्हाय, साहेब? बघितलासा, चित्र हाय..."

साहेब वाईट नव्हता. तो खुर्ची ओढून भाऊजींसमोर बसला. म्हणाला, "नाव हवं तर देह हवा, चौगुले. तो बाटलीत ठेवतात. पुढं कोणी शंका घेतली तर बाटली काढून दाखवतात. नाही तर उद्या कोणीही उठून काहीही सांगेल. हा नियम माझा नाही, पण योग्य आहे."

"योग्य हाय," भाऊजी म्हणाले. "तुमचं बरोबर हाय, साहेब."

त्यांनी लोटा उचलला. मला वाटलं, आता देतात.  हे पुढं वाकून कुजबुजले, "दे की रं! एक बेडूक! घराण्याचं नाव हुईल!"  भाऊजींनी फडकं काढलं नाही. उलट पुन्हा घट्ट बांधलं.

"जमणार न्हाय, साहेब," ते म्हणाले. "तुमचं समदं बरोबर हाय. पण माझ्यानं जमणार न्हाय."

"मग हा बेडूक बिननावाचा राहील. तुमचंही नाव कुठं येणार नाही."

"व्हय."

साहेबानं बाटलीचं बूच लावलं. उठला आणि भाऊजींचा हात हातात घेतला.  फाटकापर्यंत पोचवायला आला. गोरा साहेब माझ्या दिराला फाटकापर्यंत पोचवायला आला, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलं आहे. बोरगावात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही, तो भाग वेगळा. पण मला तेव्हा वाटलं, कँपातल्या त्या पेंढावाल्याच्या दुकानासमोर उभं राहून ओरडावं, या, बघा नॅचरलिस्ट कसा असतो!

तिथून आम्ही सरळ स्टेशनवर गेलो. तिकिटाच्या खिडकीत काय झालं ते सांगितलंच आहे. बाबूनं शेवटी हात जोडले आणि बेडूक फुकट निघाला.

गाडीत हे रागानं खिडकीबाहेर बघत बसले. भाऊजी लोट्यावर पाणी शिंपडत होते. मी हळूच विचारलं, "काय नाव देणार हुतासा?"

त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, मग लोट्याकडं.

"राजमती," म्हणाले. "ती म्हणालती न्हवं, असा बेडूक दुसरीकडं न्हाय म्हणून? मी चूक म्हटलो तिला. पुस्तकात आलं असतं तर... तिचंच बरोबर हुतं, असं छापून आलं असतं, वैनी."

आमचे हे ऐकत होते. खिडकीतून तोंड काढलं नाही, पण हात मागं करून भाऊजींच्या गुडघ्यावर ठेवला. खानापूर येईपर्यंत तो तिथंच होता.

राजमतीच्या माहेरचं घर बाजाराच्या मागं आहे. तिची आई, जिला भाऊजी आत्या म्हणतात, आता थकलेली, नजरही अधू झालेली. आमची चाहूल लागली तशी म्हणाली, "जावई आलं? दिवस मावळायच्या आत जेवून घ्या." आम्ही जेवलो. मग भाऊजी परड्यात गेले. मोठा आळूचा वाफा, त्याला लागून आड, आडाच्या दगडांना शेवाळ. भाऊजींनी फडकं सोडलं आणि लोटा आळूच्या देठापाशी आडवा केला. बेडूक बाहेर आला, दगडावर बसला आणि टुणकन आळूत गेला. भाऊजींनी ते फडकंही त्याच आडात हलकेच धुतलं. जिथलं तिथं.

"झालं?" हे म्हणाले. आवाज मऊ होता.

तेवढ्यात म्हातारी भिंत धरत मागल्या दारी आली आणि उंबऱ्यावर बसली. कुणाला म्हणून नाही, अशी बोलायला लागली. "परडं गप गप हाय ओ दोन दिस. राजी गेल्यापास्नं पावसाळ्यात रोज सांजंला हाक मारतीया. लोट्यावर टिचकी मारायची न्हवं का ती, तशीच. परवापास्नं हाक न्हाय. म्हटलं, पोरगी माझ्यावर रुसली का काय."

भाऊजींच्या हातातलं ओलं फडकं तसंच राहिलं. बेडूक नेताना त्यांनी म्हातारीला काही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत तीही त्यांना हे कधी बोलली नव्हती.

आम्ही तिघंही उभेच राहिलो. बाजारातला गलका थांबत आला. शेजारी कुणीतरी दिवा लावला. आणि आळूतून आवाज आला.

टिक्. टिक्.

म्हातारीनं मान वर केली. तिचं तोंड हसरं झालं, थेट राजमतीसारखं. "आली काय ओ राजी?"

मी भाऊजींच्या तोंडाकडं बघितलं. ज्या माणसानं सांबऱ्याच्या मांडवात बायकांचं गाणं बंद पाडलं, ज्यानं त्याच दिवशी सकाळी साहेबाला ठणकावून सांगितलं होतं की बोलतोय तो नर, त्याचे ओठ हलताना मला दिसले. मी डोळे मिटून घेतले.

"व्हय आत्या," भाऊजी म्हणाले. "आली."